वजा तीन क्ष आणि मामांचा आरसा

गल्लीत सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांच्यापेक्षा वयाने मोठी माणसंही म्हणत. ज्याच्या हातात वस्तरा आहे त्याच्याशी नात्याने बोललेलं बरं, असा साधा विचार त्यामागे असावा.

मामांचं सलून म्हणजे दोन खुर्च्या, एक बाक आणि भिंतभर आरसा. दोनपैकी एक खुर्ची फिरायची बंद झाली होती, म्हणून तिच्यावर धुतलेल्या टॉवेलांची चळत असे. घड्याळ, कॅलेंडर आणि रस्त्याकडचं काचेचं दार हे सगळं मामांच्या पाठीमागे होतं. सकाळी एकदा आरशाकडे तोंड करून ते उभे राहिले, की दुकान बंद होईपर्यंत सारं जग त्यांना आरशातच दिसे. कोण आलं, कोण न बघता पुढे गेलं, किती वाजले, आज तारीख काय, सगळं उलटं. चौतीस वर्षांत मामांना उलटं वाचायची इतकी सवय झाली होती, की बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकाच्या हातातलं वर्तमानपत्र ते आरशातून त्याच्या आधी वाचून संपवत आणि वर "पान उलटा की" म्हणत.

सवयीचे तोटेही होते. दवाखान्यातल्या घड्याळात पावणेतीन वाजलेले दिसले की मामांच्या डोक्यात सव्वानऊ वाजत. रस्ता विचारणाऱ्याला ते छातीठोकपणे डावीकडे वळायला सांगत आणि तो बिचारा थोड्या वेळाने पुन्हा त्याच दारासमोरून जाताना आरशात दिसे. "माणसं नीट ऐकतच नाहीत," असं मामांचं त्यावर मत होतं.

याच आरशात रोज संध्याकाळी आणखी एक दृश्य दिसायचं. गल्लीच्या टोकाला संध्याकाळचं कॉलेज होतं. दिवसभर कामं करणारी माणसं पाठीला पिशव्या अडकवून तिकडे जात. त्यात पोरंसोरं असत तसे पिकल्या केसांचेही असत. त्यांतले काही मामांच्याच हातून काळे झालेले. मामांची शाळा दहावीला सुटली, कारण त्याच वर्षी वडिलांचा हात कापू लागला, आणि कापणाऱ्या हातात वस्तरा कोण देणार? तेव्हापासून मामा जे उभे राहिले ते उभेच होते.

एका रात्री जेवताना त्यांनी मामींना सांगून टाकलं.

"अगं, मी कॉलेजात जाणार म्हणतो."

"कुणाचे केस कापायला?"

"शिकायला."

मामींनी हातातला घास खाली ठेवला. "काय शिकणार?"

"ते शिकवतील ते. मला वर्गात बसायचंय. आयुष्यभर लोकांना 'बसा बसा' म्हणत उभा राहिलो. मलाही कुणीतरी बसा म्हणू दे."

"बसायला घरात खुर्च्या काय कमी आहेत?" मामी म्हणाल्या. पण नवऱ्याचा चेहरा त्यांनी पाहिला होता. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या खिडकीवर जाऊन चौकशी त्यांनीच करून आणली. प्रवेश परीक्षा द्यावी लागते. वय पन्नासपर्यंतच चालतं. म्हणजे मामांच्या हाताशी हे एकच वर्ष होतं. यंदा नापास, की कॉलेज पुन्हा आरशातच बघायचं.

भाषा आणि सामान्यज्ञानाची मामांना धास्ती नव्हती. खुर्चीत बसलेला माणूस गप्प बसत नाही, त्यामुळे जगातल्या बहुतेक गोष्टी त्यांच्या कानावरून गेल्या होत्या. त्यातल्या निम्म्या चुकीच्या होत्या, ते सोडा. घोडं अडत होतं ते गणितात. त्यातही असमानता नावाच्या प्रकरणात. क्ष म्हणजे किती हे विचारलं तर माणूस काहीतरी सांगेल. इथे क्ष कशापेक्षा लहान आणि कशापेक्षा मोठा एवढंच विचारत होते. "त्याची उंची विचारायची सोडून तो कुणाच्या खांद्याला लागतो हे काय विचारतात?" मामा म्हणत.

तेव्हा मदतीला धावून आले मामींचे धाकटे भाऊ. ते एका शिकवणीत गणित शिकवत आणि पोरं त्यांना शॉर्टकट सर म्हणत. प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे सोपा मार्ग होता आणि 'का' विचारणाऱ्याचा त्यांना मनापासून राग येत असे. आठवड्याला एकदा केस सेट करून मिळतील, एवढ्यावर त्यांनी मेहुण्याची शिकवणी पत्करली.

"हे बघा भावोजी," पहिल्याच दिवशी त्यांनी एका पुठ्ठ्यावर चोचीसारखी खूण काढली. "चोच उजवीकडे उघडी, तर म्हणायचं लहान. डावीकडे उघडी, तर म्हणायचं मोठा. डोकं चालवायचं नाही, दिशा बघायची. झालं."

"आणि कधीकधी चोचीखाली एक रेघ असते ती?"

"ती विसरा. रेघेत वेळ जातो."

टॉवेलांच्या घड्या घालत असलेल्या मामींनी मान वर केली. "अरे, विसरायचीच तर मारतात कशाला? उगाच कोण रेघ मारतं?"

"ताई, तू टॉवेल बघ," सर म्हणाले. त्या पुन्हा टॉवेल बघू लागल्या.

मामांना दिवसा वेळ नव्हता. म्हणून सर रोज सकाळी जाड पेनाने पुठ्ठ्यांवर गणितं लिहून मामांच्या पाठीमागच्या भिंतीवर टांगून जात. मामा केस कापता कापता आरशातून गणित वाचत, मनात सोडवत आणि उत्तर दाढीच्या साबणाच्या फेसाने आरशाच्या कडेला लिहून ठेवत. संध्याकाळी सर येऊन तपासत.

याचे परिणाम आधी गिऱ्हाइकांवर झाले. पोस्टातले एक साहेब घरी गेले तेव्हा त्यांचा एक कल्ला कानाच्या पाळीला टेकला होता आणि दुसरा कानाच्या वरच संपला होता. ते तणतणत परत आले. मामांनी लांब कल्ला वर नेला, मग दुसरा थोडा आणखी, मग पुन्हा पहिला.

"आता बरोबर झाले," मामा म्हणाले.

"बरोबर आहेत हो," साहेब आरशात निरखून म्हणाले, "पण आहेत कुठे?"

गणिताची तऱ्हा त्याहून विचित्र होती. 'तीन क्ष बारापेक्षा लहान' असलं शेंबड्या पोरालाही येणारं गणित मामा हटकून चुकवत. क्ष चारपेक्षा लहान यायला हवा, तर यांच्या फेसात तो चारपेक्षा मोठा. पण 'वजा तीन क्ष बारापेक्षा लहान' असलं गणित, ज्यात सरांची हुशार पोरंही गचके खात, ते मामा न अडखळता बरोबर सोडवत. क्ष, वजा चारपेक्षा मोठा. अगदी बिनचूक.

ही भानगड काय होती ते सांगून टाकतो, नाहीतर वाचणारा मामांना उगाच मोठं समजायचा. अंक आणि अक्षरं आरशात उलटी दिसली तरी मामा ती सवयीने सुलटी करून वाचत. पण ही चोच त्यांच्या नव्याने ओळखीची झाली होती, आणि तिला सुलटी करून घ्यायची सवय अजून लागली नव्हती. ती जशी दिसे तशी ते घेत. पुठ्ठ्यावर ती उजवीकडे उघडी असली तर आरशात डावीकडे, म्हणजे मामांच्या लेखी प्रत्येक 'लहान' हा 'मोठा' होता. म्हणून सोपी गणितं चुकत. आता वजा संख्येने भागलं की चोच फिरवायची असते, असा एक नियम आहे. सरांनी तो सांगितलाही होता. मामांनी तो इमानदारीने वापरून पाहिला, आणि वजाची सगळी गणितं चुकली. सोडून दिला, तर सगळी बरोबर आली. कारण आरशाने चोच आधीच फिरवून ठेवलेली असे. पण हे मामांना कसं कळावं? "नियम लावला की चुकतं आणि नाही लावला की जमतं, तर मी त्या नियमाच्या पाया पडू का?" त्यांनी मामींना विचारलं. 

उत्तर शॉर्टकट सरांकडे होतं. त्यांनी आरशाच्या कडेचा फेस बराच वेळ न्याहाळला आणि हलक्या आवाजात निदान केलं. "ताई, भावोजींचा मेंदू वेगळा आहे. सोप्या गणितात त्याचं मनच लागत नाही. वाघ गवत खात नाही, त्यातली गत."

"घरी सगळं खातात," मामी म्हणाल्या.

पण सरांनी हे निदान गल्लीभर केलं. दाढीला आलेली माणसं मामांकडे आदराने बघू लागली. एकाने तर खुर्चीत बसताना नमस्कार केला. हरभऱ्याच्या झाडावर चढायला कुणाला आवडत नाही? मामा चढले, आणि सरांनी शेवटचा कानमंत्र दिला : "परीक्षेत सोपी गणितं बघायचीसुद्धा नाहीत. थेट वजाची धरा."

परीक्षा त्याच कॉलेजच्या मोठ्या खोलीत होती. मामा घरून धुतलेला शर्ट घालून, शाई भरलेलं पेन सवयीने कानावर खोचून गेले. खिशावर बैठक क्रमांकाचा बिल्ला लावायचा होता तो मामींनी टाचणीने नीट लावून दिला. पर्यवेक्षक म्हणून एक बारीक बाई होत्या. त्यांच्या चपलांचा आवाज येत नसे, आणि त्या पाठीमागे कधी येऊन उभ्या राहत ते कळत नसे. पाठीमागचं आरशात दिसायची सवय झालेल्या माणसाला याने फार अस्वस्थ होतं. मामा सारखे समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत आणि तिथे काही दिसत नाही म्हणून मान वळवत.

"मागे बघू नका," बाई म्हणाल्या.

"बाई, मी मागे बघत नाही, मागचं बघतोय," मामा म्हणाले आणि मुकाट्याने पेपरात घुसले.

भाषा झाली. सामान्यज्ञान गिऱ्हाइकांच्या कृपेने झालं. मग गणित आलं, आणि मामांनी गुरूची आज्ञा पाळून सोप्या प्रश्नांवरून नजर फिरवली, थेट वजावर येऊन थांबले. वजा तीन क्ष, चोच, बारा. चोच उजवीकडे उघडी, म्हणजे लहान. वजा तीनने भागलं, नियमाला हिंग लावूनही विचारलं नाही, आणि उत्तर काढलं : क्ष, वजा चारपेक्षा लहान. पर्यायांत ते होतंच. असल्या पेपरांत चुकीची उत्तरंही हात जोडून उभी असतात. अशी वजाची सगळी गणितं त्यांनी फटाफट उरकली.

एवढ्यावर ते पेपर देऊन उठले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण मामांची एक सवय होती. केस कापून झाले, की हातआरसा मानेमागे धरून गिऱ्हाइकाला मागचं दाखवल्याशिवाय ते त्याला उठू देत नसत. घाईतल्या माणसालाही नाही. काम झालं म्हणजे मागून बघायचं. तेव्हा त्यांनी पहिलं उत्तर मागून बघायचं ठरवलं. क्ष वजा चारपेक्षा लहान, तर वजा पाच घेऊ. वजा तीन गुणिले वजा पाच, पंधरा. पंधरा बारापेक्षा लहान?

मामांनी दुसऱ्यांदा गुणाकार केला. पंधराच आले. पंधरा काही केल्या बारापेक्षा लहान होईनात.

त्यांनी दुसरं गणित तपासलं, तिसरं तपासलं. सगळी चूक. ज्या गणितांवर गल्लीने नमस्कार केले होते, तीच. मामांच्या तोंडचं पाणी पळालं. गणिताचं दुःख एवढं नव्हतं. डोळ्यांसमोर रोजचा आरसा आला, आणि त्यात संध्याकाळी पिशव्या घेऊन जाणारी माणसं. ती आता जन्मभर तशीच जाणार, आणि आपण कुणाच्या तरी मानेवर पावडर मारत उभे राहणार. त्यांना खरोखर रडू आलं.

"बाई, तोंड धुऊन येतो," ते म्हणाले.

बाथरूममध्ये बेसिनवर आरसा होता. आरसा दिसल्यावर मामांना जरा माहेरी आल्यासारखं वाटलं. तोंडावर पाणी मारून त्यांनी वर पाहिलं. खिशावरचा बैठक क्रमांक त्यांनी सवयीने सुलटा करून वाचला आणि वाचता वाचता हात थबकला. आपण आत्ता अंक उलटून घेतले. चोच कधी उलटून घेतली होती?

त्यांनी कानावरचं पेन काढलं, तळहातावर चोच काढली. उजवीकडे उघडी. लहान. हात आरशासमोर धरला. मोठा. खाली घेतला, लहान. वर धरला, मोठा. शेजारी हात धूत असलेला एक उमेदवार साबण न लावताच निघून गेला. हातच्या काकणाला आरसा कशाला, असं म्हणतात. मामांच्या हातच्या चोचीला मात्र तो लागला, आणि चोचीचं बिंग फुटलं.

म्हणजे आरसा फिरवत होता. आता आरसा नाही, तर वजावर चोच आपणच फिरवायला हवी. पण का फिरवायची? सरांनी कधी सांगितलं नव्हतं. मामा ओल्या हाताने स्वतःच्या केसांकडे बघत राहिले. समजा, सारख्याच लांबीच्या केसांची दोन गिऱ्हाइकं आली. एकाचे तीन बोटं कापले, दुसऱ्याचे पाच बोटं. कापलं कुणाचं जास्त? दुसऱ्याचं. मग डोक्यावर उरलं कुणाचं जास्त? पहिल्याचं. कापण्यात जो मोठा, तो उरण्यात लहान. वजा म्हणजे कापणं, दुसरं काय? एवढी साधी गोष्ट आपल्याला कुणी कात्रीच्या भाषेत का सांगितली नाही, याचा मामांना रागच आला. राग आल्यावर रडू थांबलं.

ते जवळजवळ पळतच परत आले, तर दारात बाई.

"हातावर काय लिहिलंय?"

मामांनी तळहात पुढे केला. बाईंनी चष्मा सावरला. तळहातावर एकच चोच होती. पुढे काही नाही, मागे काही नाही.

"हे काय आहे?"

"बाई, इथे लहान आहे. आरशात बघितलं तर मोठा."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग पुन्हा हाताकडे. नियमांचा कागद काढून वरपासून खालपर्यंत वाचला. हातावर उत्तर लिहिणं, सूत्र लिहिणं, नाव लिहिणं, सगळं होतं. नुसती चोच कुठे नव्हती.

"कशापेक्षा लहान?" त्यांनी शेवटी विचारलं.

"तेच तर शोधतोय," मामा म्हणाले, आणि हे इतकं खरं होतं की बाईंनी त्यांना हात धुवायला लावून आत सोडलं.

या चौकशीत बराच वेळ गेला होता. मामांनी आधी वजाची उत्तरं खोडून खोडून सुधारली, मग सोपी गणितं हातात घेतली. सोपी गणितं इतकी सोपी असतात हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं. त्यातली बरीच झाली, काही राहिली, आणि घंटा वाजली.

निकालाच्या दिवशी दुकानाला कुलूप लावून तिघे कॉलेजात गेले. शॉर्टकट सर पुढे, कारण वाघाचे गुरू तेच. फळ्यावर दोन कागद होते. एकावर गुण; मामांचे पंचेचाळीस. दुसऱ्यावर एकच ओळ : प्रवेशासाठी गुण ≥ ४५.

सरांनी ओळ वाचली आणि त्यांचा चेहरा उतरला. "चोच डावीकडे. मोठा. पंचेचाळीसपेक्षा मोठे हवेत, भावोजी. एका गुणाने गेलं."

 मामांनी ओळ एकदा सुलटी वाचली आणि सवयीने एकदा उलटीही वाचून पाहिली. मग ते जवळच्या भिंतीला टेकून उभे राहिले. उभं राहायची त्यांना सवय होती.

मामी मात्र अजून कागदाजवळच होत्या. त्यांनी नाक कागदाला लावलं. "आणि ही चोचीखालची रेघ?"

"ताई, त्या रेघेचं काही नसतं गं."

"उगाच कोण रेघ मारतं?" मामी म्हणाल्या आणि तरातरा खिडकीवर गेल्या. आतल्या कारकुनाला त्यांनी बाहेर यायला लावलं, कागदासमोर उभं केलं आणि रेघेवर बोट ठेवलं. "ही कशाला आहे?"

"रेघ म्हणजे तेवढेच असले तरी चालतात," कारकून म्हणाला. "पंचेचाळीस किंवा जास्त. का, कुणाचे किती आहेत?"

 मामी भिंतीला टेकलेल्या नवऱ्याकडे बघून नुसत्या हसल्या आणि पदराच्या टोकाने डोळे पुसू लागल्या. शॉर्टकट सरांना अचानक एका शिकवणीची आठवण झाली आणि ते जवळच्या रस्त्याने निघून गेले.

कॉलेज सुरू झालं त्या संध्याकाळी मामांनी दुकान लवकर बंद केलं. ते वर्गात सगळ्यांच्या आधी पोचले आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले, कारण माणसं पाठीमागून बघितल्याशिवाय त्यांना ओळखू येत नसत. वर्ग भरला. पुढच्या दोघांचे मानेवरचे केस वाढलेत, हे त्यांनी मनात टिपून ठेवलं. दार उघडलं आणि सगळा वर्ग उठून उभा राहिला. शिकवायला आल्या होत्या त्याच परीक्षेतल्या बारीक बाई.

मामा एकटे बसून होते.

बाई बाकांमधून आवाज न करता मागपर्यंत आल्या. "तुम्ही उभे नाही राहिलात?"

"बाई, चौतीस वर्षं उभा होतो," मामा म्हणाले. "आज जरा बसतो."

बाईंनी त्यांना ओळखलं. "हात दाखवा," त्या म्हणाल्या.

मामांनी दोन्ही तळहात पुढे केले. स्वच्छ होते, सकाळपासून साबणातच तर होते.

"बसा," बाई म्हणाल्या.

मामा बसलेलेच होते. तरी ते उठले, शर्ट नीट केला, आणि पुन्हा बसले.